चॉकलेट, वनस्पती तूप आणि नागपूरचा मे महिना

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी एका केकचा खून केला. दोन किलोचा होता. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा. मनीषनगरहून कामठीला जायचा होता. आत्या दहा वर्षांपासून घरून केक करते. मी तिची हिशेबनीस, फोटोग्राफर आणि नको तिथे डोकं चालवणारी मदतनीस. त्या दिवशी गनाश मी केलं होतं. गनाश म्हणजे गरम क्रीम आणि चॉकलेट एकत्र घोटून केलेलं ते चकचकीत आवरण, ज्याच्यामुळे केक रीलमध्ये देखणा दिसतो.

केक निघाला तेव्हा त्याच्या कडा पट्टी लावून ओढाव्यात तशा सरळ होत्या. कामठीला पोचला तेव्हा एका बाजूचं आवरण खाली सरकून पुठ्ठ्यावर बसलं होतं आणि आतला स्पंज उघडा पडला होता. फोन आला. आत्याने ऐकून घेतलं, पैसे परत केले, आणि मला एवढंच म्हणाली, "तू त्याच्यात काय टाकलं होतं, खरं सांग."

मी खरं सांगितलं. आमच्याकडे दोन तऱ्हेची चॉकलेटं असतात. एक महागडं, कोको बटर असलेलं 'खरं' चॉकलेट. दुसरं कंपाउंड, म्हणजे कोको पावडर, साखर आणि दुसरी कुठलीतरी वनस्पतिजन्य चरबी. खरं चॉकलेट चवीला छान पण उन्हात विरघळतं. कंपाउंड उन्हात टिकतं पण टाळूला चिकटतं. मी विचार केला, अर्धं हे घ्यावं, अर्धं ते घ्यावं, म्हणजे चवही राहील आणि टिकेलही. समझोता.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. ते साठ-पासष्ट सालच्या आसपास आपल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमधून तेल तंत्रज्ञान शिकले आणि आयुष्यभर तेलाच्या कारखान्यांत राहिले. आत्याने त्यांना संध्याकाळी चहाला बोलावून माझा गुन्हा सांगितला. काका हसले नाहीत. म्हणाले, "दोन चरब्या एकमेकींत मिसळल्या की सरासरी निघते असं तुला वाटलं. तसं नसते पोरी. या दोघी एकत्र आल्या की दोघींपेक्षाही लवकर वितळतात."

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे. त्या वाक्याचा अर्थ लावता लावता मी चॉकलेटपासून निघून वर्ध्याला, तिथून बालाघाटच्या जंगलात आणि तिथून ब्रुसेल्सला जाऊन आले. अर्थात कूलरसमोर बसून.

आधी उन्हाबद्दल. नागपूरबाहेरच्या वाचकांना आमचं ऊन ही फुशारकी वाटते. ३० मे २०२४ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश नोंदवले आणि ते आकडे देशभर फिरले. पुढे हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. पण तो आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा आमच्या गल्लीत कोणालाही त्याच्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे. खरे आकडे पंचेचाळीस-शेहेचाळीस असतात, कधी सत्तेचाळीसच्या वर. आणि कोको बटर वितळतं साधारण ३४ अंशांना.

३४ हा आकडा चॉकलेटच्या सगळ्या वैभवाचं मूळ आहे. आपलं तोंड ३७ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे युरोपातल्या वीस अंशांच्या खोलीत चॉकलेट कडक राहतं, तोडलं की कट्कन आवाज येतो, आणि जिभेवर ठेवलं की काही सेकंदांत पाणी होतं. कोको बटरची ही चरबी गोठताना सहा वेगवेगळ्या रचनांत गोठू शकते. विले आणि लटन या दोन संशोधकांनी १९६६ मध्ये या सहाही रचना मांडल्या. त्यांतली पाचवी तेवढी आपल्याला हवी असते, तीच चकाकते आणि तीच ३४च्या आसपास वितळते. चॉकलेट टेंपर करायचं म्हणजे डार्क चॉकलेट ४५-५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८पर्यंत उतरवायचं, परत ३१-३२वर आणायचं, हा जो खटाटोप असतो तो त्या पाचव्या रचनेला बोलावण्यासाठी. ज्या घरात पंख्याखालीच ३८ अंश असतात तिथे चॉकलेट २७वर आणायचं कसं, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं.

केकवर चॉकलेट चढवण्याची पद्धतही थंड मुलखातली. १८३२ साली व्हिएन्नामध्ये मेटर्निखच्या स्वयंपाकघरात फ्रांझ साखर नावाच्या सोळा वर्षांच्या शिकाऊ पोराने केलेला साखरटोर्टे हा चॉकलेटने झाकलेल्या केकांचा पूर्वज म्हणून मिरवतो. (हो, त्याचं आडनाव खरंच असं उच्चारतात, माझा इलाज नाही.) त्याच्यावरचं आवरण गनाश नाही, साखरेच्या पाकात चॉकलेट शिजवून केलेलं आहे. गनाश हे पॅरिसचं. एका शिकाऊ मुलाच्या हातून चॉकलेटवर गरम दूध सांडलं, मालक 'गनाश' म्हणजे 'गाढवा' असं ओरडला आणि नाव पडलं, ही गोष्ट प्रत्येक केक क्लासमध्ये सांगतात. पुरावा काही नाही. शब्द मात्र खरा आहे. मूळ अर्थ घोड्याचा खालचा जबडा, त्यावरून मठ्ठ माणूस. कामठीच्या केकनंतर मला तो शब्द फार आपला वाटतो.

साखरटोर्टेची एक गोष्ट मात्र पुराव्यानिशी आहे. व्हिएन्नातलं साखर हॉटेल आणि डेमेल हे मिठाईचं दुकान 'अस्सल' हा शब्द कोणी वापरायचा यावर वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. १९६३ मध्ये तडजोड झाली. त्या भांडणातल्या मुद्द्यांत जॅमचा थर एक की दोन हा होताच, शिवाय केकमध्ये लोण्याऐवजी मार्गारीन चालेल का, हाही होता. म्हणजे चरबी बदलली तर पदार्थाचं नाव तेच ठेवायचं की नाही. हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे तो परत परत येणार आहे.

उन्हात न वितळणारं चॉकलेट पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर हवं झालं ते सैन्याला. १९३७ मध्ये अमेरिकन सैन्याच्या कॅप्टन पॉल लोगनने हर्शी कंपनीकडे संकटकाळासाठी एक वडी मागितली. अटी अशा होत्या की ती वजनाला हलकी असावी, भरपूर ताकद देणारी असावी, उष्णतेत टिकावी, आणि चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा जरा बरी असावी, फार बरी नको. चांगली लागली तर शिपाई आधीच खाऊन टाकतील. १९४३ मध्ये त्याच कंपनीने 'ट्रॉपिकल' वडी काढली. ती १२० अंश फॅरनहाइटमध्ये, म्हणजे जवळपास ४९ अंश सेल्सियसमध्ये, तासभर आकार धरून राहायची. ४९ अंश, एक तास. मनीषनगर ते कामठी रिक्षाने तेवढाच वेळ लागतो. पण ती वडी खाण्यासाठी दात मजबूत लागत, आणि लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला ती कोणाला देता येणार नाही.

बाकी जगाने दुसरी वाट धरली. कोको बटरच काढून टाकायचं आणि त्याच्या जागी स्वस्त, जास्त तापमानाला वितळणारी चरबी घालायची. हेच कंपाउंड. पाम कर्नल तेलासारखं तेल घट्ट करून त्यात कोको पावडर घोटतात. टेंपर करावं लागत नाही, मायक्रोवेव्हमध्ये वितळवा आणि ओता. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरगुती बेकर्सच्या कपाटात याची विट असतेच. मंचरच्या मोर्डेसारख्या आपल्याकडच्या कंपन्यांनी ऐंशीच्या दशकापासून हा माल गावोगावच्या बेकऱ्यांपर्यंत पोचवला. भारतात केक परवडण्याजोगा झाला, दहाव्या मजल्यावरच्या आणि झोपडपट्टीतल्या दोन्ही पोरांच्या वाढदिवसाला 'चॉकलेट केक' आला, त्यात कंपाउंडचा वाटा फार मोठा आहे असं माझं मत आहे. नाक मुरडण्याआधी एवढं मान्य करावं.

पण नाक मुरडण्याचा इतिहासही जुना आहे, आणि तो आमच्या शेजारच्या वर्ध्यात घडला.

लिव्हर कंपनीने शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना काढला आणि १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला. 'दादा' या आयात करणाऱ्या व्यापारी नावात लिव्हरचा 'ल' घुसवून हे नाव झालं असं सांगतात. पिवळ्या डब्यावर ताडाचं झाड. पातळ तेलातून हायड्रोजन वायू सोडला की ते तुपासारखं रवाळ, घट्ट होतं. तुपाच्या किमतीच्या कितीतरी कमी पैशात तुपासारखं दिसणारं काहीतरी. आणि दिसणं हीच सगळी भानगड. कारण दिसत असल्यामुळे ते तुपात मिसळता येई.

त्याच सुमाराला गांधीजी वर्ध्यात होते. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग त्याला दिली, तिचं मगनवाडी झालं, आणि जे. सी. कुमारप्पांनी तिथे बसून काम उभं केलं. त्या कामात तेलघाणी होती. सुधारित बैलघाणी कशी असावी, एका दिवसात किती तेल निघावं, पेंड कशी असावी, यावर मगनवाडीत अगदी बारकाईने प्रयोग झाले. आजही वर्ध्याच्या मगन संग्रहालयात गेलात तर त्या काळाची आठवण मिळते. गांधीजींनी ते १९३८च्या डिसेंबरात उघडलं होतं. ज्या लोकांचा जीव गावच्या घाणीत होता त्यांना शिवडीचा कारखाना आवडणं शक्यच नव्हतं. 'हरिजन'मधून वनस्पतीवर टीका झाली. मला त्यातला जो मुद्दा महत्त्वाचा वाटतो तो आरोग्याचा नाही, फसवणुकीचा आहे. तेल म्हणून विकायचं तर विका, तुपाचं सोंग कशाला?

मग मागणी आली की सोंगाला रंग द्या. वनस्पतीला असा रंग घाला की ते तूप म्हणून खपणारच नाही. ही कल्पना काही फक्त आपली नव्हती. अमेरिकेत मार्गारीन लोणी म्हणून विकलं जाऊ नये यासाठी काही राज्यांनी ते गुलाबी रंगवण्याची सक्ती केली होती. न्यू हॅम्पशायरचा तसा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये रद्द केला. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर वर्षानुवर्षं चर्चा झाली, संसदेत वनस्पतीवर बंदीचं विधेयकही आलं. पण निरुपद्रवी, टिकाऊ आणि सहज काढून न टाकता येणारा रंग काही मिळेना.

शेवटी जो उपाय निघाला तो मला आपल्या प्रशासनाच्या इतिहासातला एक सुंदर उपाय वाटतो. वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल घालायचं. दिसायला काही फरक नाही, चवीलाही नाही. पण तिळाच्या तेलात असं काहीतरी असतं की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरॉल घालून हलवलं की ते लालगुलाबी होतं. याला बोदूँ चाचणी म्हणतात. म्हणजे तुपाच्या नमुन्यात कोणी वनस्पती मिसळलं असेल तर परीक्षानळीत ते स्वतःच कबुली देतं. रंग बाहेर लावता आला नाही, म्हणून आत लपवून ठेवला.

वरच्या काकांनी ही चाचणी कॉलेजात शेकडो वेळा केली होती. लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट १९४२ मध्ये निघाली, कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण या खाणमालकाने मागे ठेवलेल्या देणगीतून. (कामठी माझा पिच्छा सोडत नाही.) संत्र्यांचं शहर म्हणून आम्ही बर्फी विकत बसलो, पण नागपूर हे तेल आणि चरबी या विषयात शिकवणारं शहर आहे हे मला पंचविसाव्या वर्षी, एक केक पडल्यावर कळलं.

आता काकांच्या वाक्याकडे येते. कोको बटरचे रेणू जवळपास सगळे एका मापाचे असतात, म्हणून ते नीट रचून बसतात आणि एकाच तापमानाला एकदम वितळतात. पाम कर्नल किंवा खोबरेल जातीच्या चरबीचे रेणू आखूड. त्याही आपापल्यात नीट रचून बसतात. पण दोघींना एकत्र केलं की कोणालाच नीट बसता येत नाही. एस.टी.त एका बाकावर दोन धिप्पाड माणसं आणि मधे एक पोरगं, तिघंही अस्वस्थ, अशी गत होते. रचना सैल होते आणि मिश्रण दोन्ही मूळ चरब्यांपेक्षा कमी तापमानाला मऊ पडतं. शास्त्रात याला युटेक्टिक म्हणतात. म्हणूनच पाम कर्नलच्या कंपाउंडमध्ये कोको बटर अगदी थोडंच, पाचेक टक्क्यांच्या आत, चालतं, आणि म्हणूनच त्यात बटर काढून घेतलेली कोको पावडर घालतात. मी पन्नास टक्के घातलं होतं. शिवाय वरून ओतलेली क्रीम आपल्याकडची डब्यातली, पंचवीस टक्के स्निग्धांशाची. फ्रेंच पुस्तकं पस्तीस टक्क्यांची धरतात. म्हणजे माझ्या गनाशमध्ये पाणीही जास्त होतं. तो केक मनीषनगरच्या फाटकापर्यंत टिकला हीच कमाल.

मग मी काकांना विचारलं, "कोको बटरशी भांडण न करणारी दुसरी चरबी नाहीच का?"

"आहे न. आपल्याच जंगलात आहे."

साल. इथे विदर्भातल्या वाचकांसाठी एक खुलासा. साल म्हणजे आपली सालई नाही. सालई डिंकाची, ती वेगळी. साल म्हणजे छत्तीसगडात ज्याला सरई म्हणतात तो वृक्ष. बालाघाट ओलांडून कान्हाच्या बाजूला गेलात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभा असतो. मे-जूनमध्ये त्याची पंखवाली फळं गरगरत खाली पडतात. पाऊस यायच्या आत ती वेचावी लागतात, भिजली की बी वाया जातं. पंख जाळून टाकतात, टरफल फोडतात, आतलं बी विकतात. वेचणाऱ्या बहुतेक आदिवासी बायका. म्हणजे आम्ही ज्या आठवड्यांत कूलरसमोर बसून गनाश का वितळलं म्हणून हळहळतो, त्याच आठवड्यांत शे-दोनशे किलोमीटरवर कोणीतरी त्याच उन्हात, वाकून, चॉकलेटात घालायची चरबी गोळा करत असतं.

हो, चॉकलेटात. सालाच्या बियांतल्या चरबीचे रेणू कोको बटरच्या मापाचे असतात, आणि ती जरा जास्त तापमानाला वितळते. थोडीशी घातली तर चॉकलेट मऊ पडण्याऐवजी कडक होतं. हे कळल्यावर सत्तरच्या दशकापासून सालाची चरबी काढून परदेशी पाठवण्याचा उद्योग मध्य भारतात उभा राहिला. त्या बियांना सरकारी आधारभूत किंमत देणाऱ्या केंद्राच्या योजनेत सालबी आली ती २०१३-१४ मध्ये.

आणि युरोपात याच चरबीवरून तीस वर्षांची लढाई चालली होती. तिला खरोखरच 'चॉकलेट युद्ध' म्हणत. १९७३ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क युरोपच्या सामायिक बाजारात आले तेव्हा त्यांच्या चॉकलेटात पाच टक्क्यांपर्यंत दुसरी वनस्पतिजन्य चरबी असे. फ्रान्स, बेल्जियम वगैरे म्हणाले, हे चॉकलेटच नव्हे. त्याला 'व्हेजलेट' म्हणा, अशीही सूचना आली होती. ब्रिटिशांनी आपल्या दुधाळ चॉकलेटाचा हा अपमान विसरायला बरीच वर्षं घेतली. शेवटी २००० साली सगळ्या युरोपसाठी एक नियम झाला. कोको बटरशिवाय दुसरी चरबी पाच टक्क्यांपर्यंत चालेल, वेष्टनावर तसं लिहावं लागेल, आणि ती चरबी फक्त सहांपैकी एक असेल. इटली आणि स्पेन तरीही अशा मालाला 'चॉकलेटचा पर्याय' म्हणा असं म्हणत राहिले. युरोपच्या न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये त्यांना चूक ठरवलं.

ती सहा नावं मी फोनवर वाचली तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी आत्याला उठवलं. इलिपे, पाम, साल, शिया, कोकम आणि आंब्याची कोय. कोकम! नियमात त्याचं नाव 'कोकम गुर्गी' असं छापलंय. आमच्या मावसआजीकडे, सावंतवाडीजवळ, भेगाळलेल्या टाचांना लावायला जो पांढरट अंड्यासारखा गोळा असतो, बिया कुटून, उकळून, मुठीत वळलेला, म्हणून ज्याला मुठेल म्हणतात, तो ब्रुसेल्सच्या कायद्यात चॉकलेटचा कायदेशीर नातेवाईक म्हणून नोंदलेला आहे. आंब्याची कोय आपण फेकतो. आणि इलिपे हे बोर्नियोच्या झाडाचं नाव असलं तरी शब्द तमिळ इलुप्पैवरून आलाय, आणि इलुप्पै म्हणजे मोह. सहांपैकी तीन चरब्या आपल्या अंगणातल्या, चौथीचं नाव आपल्याकडून गेलेलं.

आत्या झोपेतच म्हणाली, "मग मिळते का ती बाजारात?"

मिळत नाही. म्हणजे सौंदर्यप्रसाधनवाल्यांकडे कोकम बटर मिळतं, पण बेकरीच्या सामानाच्या दुकानात 'सालयुक्त कंपाउंड दाखवा' म्हटलं तर दुकानदार आपल्याकडे काळजीने पाहतो. इतवारीत मी हा प्रयोग केला आहे. तिथे वेष्टनामागे 'हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट' एवढं असतं. कुठलं, ते असेलच असं नाही. एक गोष्ट मात्र मला आधी कधी दिसली नव्हती. कंपाउंडच्या विटेवर मोठ्या अक्षरांत 'डार्क कंपाउंड' लिहिलेलं असतं, चॉकलेट शब्द मालाच्या नावात नसतो. कंपनी खोटं बोलत नाही. खोटं आम्ही बोलतो, केक झाल्यावर.

कारण आत्याच्या मेनूवर लिहिलेलं होतं, 'बेल्जियन चॉकलेट ट्रफल'. तीच बेल्जियम, जी दुसऱ्या चरबीच्या विरोधात सर्वांत हट्टाने भांडली. आणि मार्च ते जून आम्ही त्या नावाखाली सर्रास कंपाउंड देत होतो. सगळेच देतात. भावही तसाच होता, आणि २०२४ मध्ये जगाच्या बाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरवर, डिसेंबरात बाराच्याही वर गेला तेव्हा खऱ्या चॉकलेटचा हिशेबच बसेना. पण तिळाच्या तेलाची गोष्ट वाचल्यापासून मला तो मेनू डोळ्यांत खुपायला लागला. आमच्या केकमध्ये बोदूँ चाचणी कुठे आहे?

जून महिनाभर आम्ही प्रयोग केले. ते इथे लिहून ठेवते, कोणाच्या तरी कामी येतील. खरं डार्क चॉकलेट थंडीत दोन भाग आणि क्रीम एक भाग, हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या उन्हाळ्यात आणि पंचवीस टक्क्यांच्या क्रीमला ते अडीच ते तीन भाग लागतं. व्हाइट चॉकलेट फार मऊ, त्यात कोकोचा घन भाग नसतोच, त्याला चार भागही कमी पडले. ऑस्ट्रेलियातले बेकर, ज्यांच्याकडे ऊन आपल्यासारखं, तेही उन्हाळ्यात प्रमाण असंच चढवतात. कंपाउंड वापरायचं तर शंभर टक्के कंपाउंड, खरं वापरायचं तर शंभर टक्के खरं, भांडीही वेगळी. क्रीम उकळू द्यायची नाही, कडेला बुडबुडे आले की बस. गनाश फाटून तेल सुटलं तर चमचाभर कोमट दूध घालून मधूनच हळूहळू घोटायचं. रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी पीनट बटरसारखं झालं की लावायचं.

आणि कूलर बंद. हे आम्हाला सगळ्यांत उशिरा कळलं. वाळ्याच्या ताट्यांचा किंवा गवताचा कूलर खोली गार करतो पण दमट करतो. फ्रिजमधून काढलेल्या केकला त्या हवेत घाम फुटतो, पाणी वरची साखर विरघळवतं, आणि सुकलं की चकाकीच्या जागी पांढुरके ठिपके उरतात. एसी नसेल तर सरळ पहाटे साडेचारला काम करायचं. आत्या आता तसंच करते. त्या वेळी खोलीत २९-३० अंश असतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात याहून जास्त काही मागू नये.

खऱ्या चॉकलेटचा, तीनास एक गनाशचा, चार तास थंड केलेला केक थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांसह आम्ही परत कामठीला नेला. विकायला नाही, त्याच काका-काकूंना द्यायला. मी मांडीवर धरून बसले होते. पोचला. एका कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, बाकी शाबूत. काकू म्हणाल्या, "मागच्याही वेळचा चवीला चांगलाच होता हो, चमच्याने खाल्ला आम्ही." मला रडू यायचं राहिलं.

मेनू बदलायला मात्र ऑगस्ट उजाडला. आत्या तयार नव्हती. "'कंपाउंड' लिहिलं तर कोण घेईल? लोकांना वाटते काहीतरी केमिकल आहे." तिचं चूक नव्हतं. पंचवीस वर्षं जे नाव सगळ्यांनी लपवलं ते पहिल्यांदा लिहिणाऱ्याचंच नुकसान होतं. वनस्पतीवाल्यांनाही हाच युक्तिवाद सुचला असेल. काकांनी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. फक्त विचारलं की तुझ्याकडे तूप घेऊन कोणी आलं आणि आत डालडा निघाला तर तू काय करशील. आत्या म्हणाली, "दुकानात जाऊन तमाशा करीन." मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

आता मेनूवर दोन ओळी आहेत. 'चॉकलेट ट्रफल, कोको बटरचा, जुलै ते फेब्रुवारी.' आणि 'ट्रफल, कंपाउंडचा, वर्षभर, उन्हात टिकतो.' 'बेल्जियन' खोडलं. पहिल्या महिन्यात तीन जुन्या गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं की म्हणजे आतापर्यंत काय देत होता. आत्याने तिघांनाही सांगितलं. एक परत आलं नाही. दुसऱ्याने कंपाउंडचाच मागवला, कारण मुलाचा वाढदिवस मे महिन्यात, गच्चीवर. तिसरीने विचारलं की दोन्ही अर्धं अर्धं करून देता येईल का, म्हणजे चवही राहील आणि टिकेलही.

आत्याने फोन माझ्या हातात दिला.